मेव्हणा रजेवर आहे

आमच्या ऑफिसात रजा मंजूर करतात मॅनेजरबाई, पण माणूस खरा सुटतो तो माझ्या टेबलावरून. मी कॉम्प्युटर सांभाळतो. लिफ्टच्या देखभालीची आमची कंपनी. तीन मजले, साठेक माणसं, आणि आमच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. रजेवर निघालेला प्रत्येक जण धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर येतो आणि मी त्याच्या मेलवर दोन गोष्टी बसवतो. एक, त्याला कोणी मेल केला की आपोआप उत्तर जातं: मी रजेवर आहे, अमक्या तारखेला परत येईन, तोवर तमक्यांशी बोला. दुसरी, त्याला येणारे सगळे मेल परस्पर त्या तमक्याकडे वळतात. पाच मिनिटांचं काम. मी वीस मिनिटं लावतो, कारण तेवढ्यात गिऱ्हाइकाची फिरकी घेता येते.

फिरकी हा माझा जुना आजार, पन्नाशी आली तरी बरा न झालेला. आमच्या ड्रॉइंगवाल्याच्या उत्तरात मी एकदा घालून दिलं होतं, ‘मी रजेवर आहे. तुमची लिफ्ट अडकली असेल तर धीर धरा, मीही सासुरवाडीत अडकलोय.’ चाळीस लोकांना ते गेलं. पुढच्या वर्षी अख्ख्या मजल्याला पढवून ठेवलं की तो रजेवरून आला की त्याला कोणी ओळख द्यायची नाही. दुपारपर्यंत बिचारा स्वतःचं ओळखपत्र काढून काढून बघत होता. तेव्हा मी पोट दुखेस्तोवर हसलो होतो.

भांडणं व्हायची ती ‘तमक्या’वरून. दुसऱ्याचं लचांड गळ्यात घ्यायला कोण बसलंय? आणि मॅनेजरबाईंचा नियम असा, की नाव दिल्याशिवाय रजा नाही. लोक एकमेकांची नावं न विचारता टाकायचे, मग महिनाभर जिन्यात तोंडं फिरवायचे. शेवटी मीच एक माणूस तयार केला. म्हणजे नुसता मेलचा पत्ता. नाव ठेवलं ‘प्रभारी’. सगळ्यांचे मेल त्याच्याकडे वळवायचे, तिथे ते पडून राहायचे, माणूस परत आला की मी ते त्याच्या डोक्यावर ओतायचो. लोकांना वाईट वाटू नये म्हणून प्रभारीला एक मुभा दिली. ज्याचा मेल असेल त्याच्याच नावाने तो एक ठरलेलं वाक्य पाठवायचा, ‘आपला निरोप मिळाला, लक्ष घालतो.’ एवढंच त्याला येत होतं. मॅनेजरबाईंना वाटायचं की प्रभारी हा दुसऱ्या मजल्यावर बसणारा कोणीतरी मेहनती गृहस्थ आहे. एकदा मीटिंगमध्ये त्यांनी त्याचं कौतुक केलं आणि साठ माणसांनी ओठ दाबून टाळ्या वाजवल्या.

आता मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ, चाळिशी ओलांडलेला, लग्नाच्या फंदात न पडलेला. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बायकोनेच त्याला वाढवला. आमच्याकडेच मागच्या खोलीत राहतो, आणि अजूनही त्याला यायला उशीर झाला तर ती पहिला घास घेत नाही. नोकरीला त्याला मीच चिकटवला, तक्रारींच्या टेबलावर. स्वभावाने लोणी. लिफ्टमध्ये अडकून तापलेली माणसं त्याला हातभर मेल लिहायची आणि हा तीन दिवसांनी एक ओळ खरडून शेवटी ‘काळजी नसावी’ लिहायचा. मी त्याला मेव्हणे महाराज म्हणतो. तो माझ्या प्रत्येक थापेला फसतो आणि वर स्वतःच खूश होतो. असं गिऱ्हाईक घरातच असणं म्हणजे माझ्यासारख्याची चंगळ.

खोलीला रंग द्यायला त्याने चार दिवस रजा काढली. माझ्या टेबलापाशी बसून तो रंगाच्या छटा दाखवत होता, मी मान हलवत होतो आणि त्याच्या मेलवर एक खोडी करून ठेवत होतो. परतीच्या तारखेची जागा मी रिकामी सोडली. म्हणजे हा कामावर आला तरी त्याचे मेल प्रभारीकडेच जात राहणार आणि जगाला उत्तर जाणार की हा रजेवर आहे. एकही तक्रार येत नाही हे या आळशाला किती दिवसांनी खटकतं, ते मला बघायचं होतं. माझा अंदाज आठ दिवसांचा होता.

कामावर परतल्यावर चौथ्याच दिवशी तो वर आला.

“भावोजी, गावातल्या सगळ्या लिफ्ट सुधारल्या वाटतं,” तो म्हणाला. “एक मेल नाही.”

मी हसलो, पाठीत धपाटा घातला आणि त्याचे साठलेले मेल ओतून द्यायला प्रभारीची पेटी उघडली. एकशे बारा मेल होते. सगळ्यांना उत्तरं गेलेली होती.

ते ठरलेलं वाक्य नव्हतं. नीट, एकेकाचं दुखणं समजून घेऊन लिहिलेली उत्तरं. भाषा मेव्हण्याचीच, शेवटी ‘काळजी नसावी’सुद्धा. फक्त मेव्हणा रोज वेळेवर उठला असता, मन लावून बसला असता, तर जशी लिहिली असती तशी. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजींना लिहिलं होतं, ‘मेकॅनिक मंगळवारी येईल. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना?’ आजींनी भारावून चार ओळी लिहिल्या होत्या. डोळ्याचं मी शोधून काढलं. दोन वर्षांपूर्वीच्या एका तक्रारीत त्यांनी तसं लिहिलं होतं. तो मेल मेव्हण्याच्या पेटीत होता. प्रभारीकडे तो कधी गेलाच नव्हता.

मला वाटलं, कोणीतरी माझीच घेतोय. चोरावर मोर. ऑफिसातला कुठला कॉम्प्युटर कधी उघडला, कोणी कुठली पेटी बघितली, हे सगळं माझ्याकडे नोंदलं जातं. मी दोन दिवस त्या नोंदी चाळल्या. प्रभारीची पेटी माझ्याशिवाय कोणी उघडली नव्हती. पासवर्ड बदलला. उत्तरं जात राहिली. मग मी खोडी काढून घेतली, मेव्हण्याचं रजेचं उत्तर बंद केलं, मेल वळवणं बंद केलं, दोनदा तपासलं. सकाळी बघतो तर दोन्ही चालू. परतीच्या जागी तारीख भरली. ती बसली, दिसली. पान बंद करून उघडलं की जागा रिकामी.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरबाई तक्रारींच्या टेबलावर बेहद्द खूश होत्या. म्हणाल्या, वर्षभरात असं काम झालं नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी सहज विचारलं, “तुमचा मेव्हणा कधी येतोय रजेवरून?”

मेव्हणा त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होता.

कोणी हसलं नाही. मी मात्र हसलो. ड्रॉइंगवाल्याकडे बघून मान तुकवली, की वा, उट्टं काढलंस. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. “बसलोय की इथे,” मेव्हणा हसत म्हणाला. एकाचीही मान वळली नाही. मीटिंग पुढे सुरू झाली.

त्या आठवड्यात मी बघत होतो. चहावाला टेबलाटेबलावर कप ठेवत यायचा आणि तक्रारींचं टेबल गाळून पुढे जायचा. न चिडता, न टाळता, जसा कोणी भिंतीला चहा देत नाही तसा. मेव्हणा उठून किटलीतून स्वतःच ओतून घ्यायचा. दारावरच्या यंत्राला त्याचं कार्ड चालेना, म्हणून तो माझ्यामागून आत यायचा. वॉचमन मला सलाम ठोकून दार सोडायचा आणि ते मेव्हण्याच्या खांद्यावर आपटायचं. नाटक करणारी माणसं मला ओळखता येतात. कुठे ना कुठे ओठाचा कोपरा हलतो. इथे कोणाचं काही हलत नव्हतं.

मी मॅनेजरबाईंकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. प्रभारी म्हणून कोणी नाही, तो मीच बनवलाय. त्यांनी चष्मा काढला. प्रभारींशी त्यांचं रोज बोलणं होतं म्हणाल्या, फार सज्जन माणूस. आणि माझ्या गमती आता वयाला शोभत नाहीत. मी मेव्हण्याला हाताला धरून आत आणलं, समोर उभं केलं. त्या माझ्या हवेत धरलेल्या हाताकडे बघत बसल्या. मग हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

लांडगा आला, लांडगा आला. पण त्या पोराने निदान दोनदाच थाप मारली होती. मी पंचवीस वर्षं साठ माणसांना थापा मारल्या होत्या.

घरी सगळं ठीक होतं. तोच माझा धीर. बायको त्याला तशीच हाका मारत होती, टॉवेल पलंगावर टाकला म्हणून तशीच करवादत होती. मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मेव्हणा मोबाइल रोज घरी विसरायचा आणि तक्रारींचा फोन सतत गुंतलेला, म्हणून दुपारी तिला काही सांगायचं असलं की ती त्याला ऑफिसच्या पत्त्यावर मेल करायची, हे मला माहीत होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. कॉम्प्युटरवाला मी, आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

तिच्या फोनमधले मेल मी नंतर वाचले. पहिल्यांदा तिला उत्तर गेलं होतं, की मी रजेवर आहे, तोवर प्रभारींशी संपर्क साधावा. तिने लिहिलं, ‘बाळ्या, मला कसले नखरे दाखवतोस?’ त्यावर दुसरं उत्तर आलं. मग ती रोज लिहू लागली. लहानपणी तो तापाने फणफणला होता तेव्हा तिने रात्रभर कुठलं गाणं म्हटलं, ते त्या उत्तरांत लिहिलं होतं. शाळेच्या पायरीवर ती त्याच्यासाठी थांबायची, तिथे कुठल्या रंगाची सायकल उभी असायची, ते लिहिलं होतं. मी मेव्हण्याला विचारलं. त्याला ना गाणं आठवत होतं, ना सायकल.

पुढच्या रविवारी सकाळी बायकोने टेबलावर दोन ताटं मांडली.

मी म्हणालो, बाळ्याचं?

“तो कुठेय?” ती म्हणाली. “कधी येणार तेही लिहीत नाही मेला. आल्यावर कान उपटते.”

मेव्हणा मागच्या खोलीच्या दारात उभा होता. खांद्यावर टॉवेल, केस ओले. तो तिच्याकडे बघून हसला, वाट बघितली, पुन्हा हसला. ती त्याच्या अंगावरून हात लांब करून कपाटातली वाटी काढून गेली. तिचा कोपर त्याच्या छातीला लागला. तिने कोपर चोळला आणि कपाटाचं दार बंद केलं.

मी त्याला जिन्यात घेऊन गेलो. तो पायरीवर बसला. बराच वेळ नखांतला रंग उकरत होता.

“ताईला पण सामील केलंत,” तो म्हणाला. “ऑफिसपर्यंत ठीक होतं, भावोजी. मी कधी चिडलोय का तुमच्यावर? पण आता पुरे. थांबवा.”

मी शपथ घेतली की हे मी करत नाहीये. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, हसू कुठे फुटतंय ते शोधत होता. माझी प्रत्येक थाप त्याने खरी मानली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो. त्याने हात जोडले. खरोखर जोडले. “तुम्ही म्हणाल ते करतो. नुसतं तिला सांगा, की मी आहे.”

मी तिला सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

सोमवारी मी प्रभारीला पुसून टाकलं. मेव्हण्याला शेजारी बसवून, त्याच्यादेखत. पत्ता, पेटी, दिलेली मुभा, मागच्या प्रती, सगळं. ऑफिसच्या यादीत नाव शोधलं, नव्हतं. मी स्वतः त्या पत्त्यावर मेल पाठवला, तो परत आला की असा कोणी इथे नाही. मेव्हण्याने सुस्कारा सोडला. दुपारी चहावाला आमच्या टेबलापाशी आला तेव्हा आम्ही दोघं श्वास धरून होतो. त्याने एक कप ठेवला. माझ्यासमोर.

तीन वाजता टेबलावरचा फोन वाजला. बायको होती. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

“बाळ्याचा मेल आला. येतोय. चारपर्यंत पोचतो म्हणालाय.”

आम्ही दोघं धावत निघालो. घर पंधरा मिनिटांवर आहे. वाटेत तो दोनदा म्हणाला, की बघा, पुसलंत म्हणून झालं. मी पाय उचलले. त्याने कोणालाही मेल केला नव्हता, आणि पेटी मी सकाळी अकराला पुसली होती.

दार उघडंच होतं. आतून बायकोचं हसणं ऐकू येत होतं. ती बोलत होती, थांबत होती, मग पुन्हा हसत होती.

टेबलावर तीन ताटं होती. भिंतीकडची खुर्ची बाहेर ओढलेली होती, माणूस बसल्यावर असते तेवढी. बायको तिच्याकडे तोंड करून बसली होती, एक हात टेबलावर पुढे टाकून. तिची बोटं कशावर तरी टेकली होती. टेबलाच्या दोन बोटं वर.

तिने मला बघितलं आणि डोळे पुसले. म्हणाली, ये ना, बघतोस काय, कोण आलंय ते.

मेव्हण्याने माझा कोपर धरला होता. तो इतका घट्ट धरला होता की त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. ते मी नीट बघून ठेवलेत.

मी बसलो. दुसरं काय करणार होतो. समोरचं ताट भरलेलं होतं. मी त्याच्यावरून नजर हटवली नाही, असं मला वाटतं. जेवण संपलं तेव्हा ते रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे तक्रारींच्या टेबलाभोवती जमले होते. मॅनेजरबाई खाली उतरून आल्या. ड्रॉइंगवाल्याने रिकाम्या खुर्चीच्या वर, खांद्याच्या उंचीला थाप मारली. थापेचा आवाज झाला.

याला आता अकरा दिवस झाले. मेव्हणा मागच्या खोलीतून बाहेर येत नाही. रंगाचा वास अजून गेलेला नाही. बायको त्या खोलीत जाते, चादर बदलते, खिडकी उघडते, कोणाशी तरी बोलत बाहेर येते. तेवढा वेळ तो कोपऱ्यात अंग चोरून उभा राहतो. तिला धक्का लागू नये म्हणून. सुरुवातीला तो तिला हाक मारायचा. आता मारत नाही.

कोणाला सांगू? ज्यांना सांगायचं त्यांच्यासमोर तो दुसरा रोज बसतो, त्यांच्याबरोबर चहा पितो. बायको इतकी सुखात आहे की तिच्याकडे बघवत नाही.

मी रोज सकाळी खोलीत चहा नेऊन देतो. तो कप घेतो आणि एकच विचारतो, मी दिसतोय ना. मी म्हणतो, दिसतोस की, न दिसायला काय झालं. मग तो चहा पितो.

परवा जेवताना टेबलापलीकडे मला निळ्या शर्टाची बाही दिसली. फक्त मनगटापाशी. मी डोळे मिटले आणि उघडले. बाही होती.

काल कोपरापर्यंत.

आज सकाळी चहा घेऊन आत गेलो. पलंगावरची चादर ताठ होती. मी कप स्टुलावर ठेवला.

“भावोजी, दिसतोय ना मी?”

“दिसतोस की,” मी पलंगाकडे बघून म्हणालो.



“मी खिडकीपाशी आहे,” तो म्हणाला.